सहा दिवसांच्या खाचा

या मित्रांनो, अंमळ जवळ सरका. पाखरांची एक गोष्ट सांगते.

मी एक जुनी वेळूची काठी आहे. ठाण्याच्या खाडीत मिठागरावर राबणारा गोपीनाथ माझ्या जोरावर होडी रेटायचा. हात मिठाने फुटलेले, पण ओठांवर सदा अभंग. तो स्पर्श मला अजून आठवतो.

हिवाळ्यात खाडीवर लांब चोचीची पाखरं उतरत. आगगाडीने मीठ दूरवर जाऊ लागलं, तसे मालक दौलतशेट म्हणाले, "पाखरं बसतात तो जुना बांध मोडून नवं आगर घालू." गोपीनाथाने हात जोडले. शेटही भाविकच. म्हणाले, "पाहुणे शेकड्यांनी येत असतील तर बांध ठेवीन. कामातून सहा दिवस देतो. मोजून दाखव."

गोपीनाथाने एकादश्या निवडल्या. उपासाचा, कीर्तनाचा दिवस. त्या दिवशीची मोजणी खोटी कशी ठरेल? वीस पाखरांना माझ्या अंगावर एक खाच, दर दिवसाची वेगळी ओळ. पाच एकादश्या झाल्या, पण एकाही ओळीत चारांवर खाचा गेल्या नाहीत. तो खचला.

होडीत त्याची बायको तुळसा असायची. ती चिखलात निवट्या मासे धरी. ती म्हणाली, "कीर्तनात मान डोलवताव, पन घरच्या बाईला इचारीत नाय. एकादशीला भरती थोडी. चिखल उघडाच र्‍हातो, पाखरं खाडीभर पांगतात. पुनवेच्या उधाणात चिखल बुडला, का सगली त्या बांधावं येतात."

"आधी का नाय सांगितलंस?"

"इचारलंत कधी?"

उरलेला एक दिवस माघी पुनवेला ठेवला. भर दुपारी पाणी चढलं आणि आख्यान रंगल्यावर देऊळ दाटतं तसा बांध दाटला. गोपीनाथ डोळे पुसत मोजत होता. त्रेचाळीस खाचा.

शेटनी माझ्यावरून बोट फिरवलं. "पाच साक्षी एकीकडं, एक दुसरीकडं. कुणाचं मानू?"

"शेट, पाची वेळा मी चुकीचाच दिवस पाह्यला."

"दिवस सहाच ठरले होते, गोपीनाथ."

शिमगा झाला आणि बांध मोडला.

पुढच्या माघी पुनवेला दोघं मला घेऊन गेली. थवे आले, पाण्यावर घिरट्या घालत राहिले. टेकायला जागा दिसेना, तसे निघून गेले. गोपीनाथाने सातव्या ओळीसाठी कोयता काढला होता. तो त्याने मांडीवर तसाच धरून ठेवला.

आता मी घराच्या आढ्यावर पडून आहे. पुनवेच्या दुपारी अजून जीव पाण्याकडे ओढतो.

मित्रांनो, काही मोजायला निघालात तर दिवस कुठले घ्यावेत ते आधी ठरवा, आणि ज्याचे पाय रोज चिखलात असतात त्याला विचारा. आणि माझ्यासाठी एवढं करा, तुळसाची आठवण ठेवा. तिला सगळं ठाऊक होतं, आणि पाचही एकादश्या ती आमच्याच होडीत बसली होती.