पाणी ओतणारीचे शब्द

नियमांच्या बाबतीत या फादरांचा हात धरणारा कुणी नव्हता. मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, सातची म्हणजे सातची. सात वाजून एक मिनिटाने आत शिरणाऱ्याकडे ते वेदीवरून असे बघत, की तो बिचारा पुढच्या रविवारी पावणेसातलाच हजर. पोरं त्यांना मागून ‘कायदेफादर’ म्हणत. फादरांना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. वय एक्कावन्न, धर्मगुरू होऊन तेवीस वर्षं झालेली, आवाज खणखणीत, आणि ‘मला वाटतं’ हे शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकलेले नाहीत. माणूस मात्र लाखातला. कुणाच्या घरी दुखणं असलं की सगळे नियम खुंटीला टांगून उशाशी जाऊन बसायचे.

त्या शनिवारी दुपारी चर्चच्या हॉलमध्ये त्यांनी हॉस्पिटलच्या लोकांचा वर्ग घेतला. नर्सेस, आया, अँब्युलन्सचा ड्रायव्हर, अशी पंधरावीस माणसं जमली होती. नुकतं जन्मलेलं मूल हातचं जातंय, फादरांना बोलवायला वेळ नाही, तर त्याला स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्मा, कसा द्यायचा, हे शिकवायचं होतं. अशा वेळी तो कुणीही देऊ शकतं. टेबलावर रबरी बाहुली आणि शेजारी पाण्याचा जग.

“डोक्यावर पाणी ओतायचं,” फादर म्हणाले, “आणि ओतता ओतता म्हणायचं, मी तुला पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने स्नानसंस्कार देते. बस, एवढंच. हे असं चालतं का, म्हणून विचारू नका. पुरावा तुमच्यासमोर उभा आहे. मी जन्मलो तो काळानिळा. डॉक्टरांनी आशा सोडली होती. या मावशीने माझ्या डोक्यावर पाणी घातलं, आणि बघा, अजून तुमचं डोकं खायला जिवंत आहे.”

सगळे हसले आणि पहिल्या रांगेतल्या दाईमावशीकडे वळून बघू लागले. मावशी निवृत्त सुईण. शहात्तर वर्षांची, हाडं चिवट, हात अजून स्थिर. बोलताना मात्र अडखळायची, आणि ‘प’ आला की गाडी जागच्या जागी रुतायची. म्हणून बोलायची कमी, हसायची जास्त. आताही ती लाजून हसत होती.

ड्रायव्हरने हात वर केला. “फादर, समजा एकाने पाणी ओतलं आणि दुसऱ्याने शब्द म्हटले, तर?”

“नाही चालणार. ओतणारा आणि म्हणणारा एकच पाहिजे. दोघांत वाटून घेतलं तर तो स्नानसंस्कारच नव्हे.”

“देवाला चालत नाही?”

“देवाचं मला विचारू नकोस. नियमाचं विचार.”

पुन्हा हशा पिकला. मावशी तेवढी हसली नाही. वर्ग संपल्यावर चहालाही थांबली नाही, तेव्हा फादरांना वाटलं, वय झालं, दमली असेल.

पाच वाजता ती ऑफिसात आली. फादर उद्याचं प्रवचन लिहीत होते. त्यांनी खुर्ची पुढे केली, तर ही बसेना. पर्सचा पट्टा पिळत उभी राहिली. मग एकेक शब्द दगड उचलावा तसा उचलत तिने सांगितलं.

एक्कावन्न वर्षांपूर्वी ती पंचवीस वर्षांची होती आणि नोकरीला लागून दोन महिने झाले होते. मूल तिच्या हातात होतं, पाणीही तिच्याच हातात. पण त्या वाक्यात तीन नावं आणि तिन्ही ‘प’वरून. आपली जीभ अडकली आणि तेवढ्यात मूल गेलं तर? या धास्तीने तिने पाणी ओतलं, आणि शब्द शेजारच्या मोठ्या नर्सने म्हटले. मूल वाचलं. आईबाप त्याला चर्चमध्ये घेऊन आले, तेव्हाच्या म्हाताऱ्या फादरांनी विचारलं, “दिला का स्नानसंस्कार?” सगळे म्हणाले, “दिला.” विषय संपला. त्यानंतर मावशीने स्नानसंस्काराच्या कामाला पुन्हा कधी हात लावला नाही, जिभेची लाज वाटली म्हणून.

“मला म्... माहीत नव्हतं रे,” ती म्हणाली. “आज तू सांगितलंस तेव्हा कळलं.”

फादरांनी पेन खाली ठेवलं. एवढा दांडगा गडी, पण टेबलाला धरून बसला. हिशोब अगदी सरळ होता, तो करायला त्यांना कुणाची गरज नव्हती. स्नानसंस्कार नाही तर पुढचं काहीच नाही. गुरुदीक्षा नाही, म्हणजे आपण धर्मगुरूच नाही. तेवीस वर्षांच्या मिस्सा नाहीत. गेल्या महिन्यात सुतारकाका शेवटच्या घटका मोजत होते, त्यांचा हात हातात घेऊन ‘सगळं माफ झालं, निश्चिंत जा’ असं यांनी सांगितलं होतं. कोणत्या अधिकाराने? काका निश्चिंत गेलेही होते.

“ती नर्स?” त्यांनी विचारलं.

“गेली. वीस वर्षं झाली.” मावशीने दाराकडे बघून घेतलं. “आता फक्त तुला नि मला ठाऊक. तू म्हणालास तर मी गप्प बसते. आजवर ग... गप्पच तर बसलेय.”

आता इथे कुणी साधुसंत असल्याचा आव आणू नये. मोह झाला. फादर खिडकीपाशी गेले आणि बराच वेळ तिथेच उभे राहिले. उद्या सातची मिस्सा होती, प्रवचन अर्धं लिहून झालं होतं, आणि हे काम त्यांना जिवापाड आवडत होतं. ते हातातून जाणार या विचाराने रडू यायच्या बेतात होतं. मग ते मागे वळले आणि फोन उचलला. नियम दुसऱ्यांना सांगताना आवाज चढवायचा आणि आपल्यावर आला की खिडकीतून बाहेर बघायचं, हे त्यांना जमण्यातलं नव्हतं.

बिशप एके काळचे त्यांचे मास्तर. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“म्हणजे तेवीस वर्षं तू बिनापरवाना गाडी चालवतोयस.”

“साहेब, थट्टा नको. सुतारकाकांचं काय? इतक्या जणांनी माझ्यापाशी पापं सांगितली, त्यांचं काय?”

“तुझ्याकडे आले होते की देवाकडे?” बिशप म्हणाले. “ती माणसं खऱ्या मनाने आली होती. देवाने तुझ्या डोक्यावरून हात लांब करून त्यांना दिलंच असेल. तुला ओलांडून जाणं त्याला जड आहे का? तू लावलेल्या लग्नांचे कागद मी सरळ करतो, ती माझी डोकेदुखी. उद्या शेजारचे फादर मिस्सेला येतील, तेच तुला स्नानसंस्कार देतील. सोमवारी माझ्याकडे ये, गुरुदीक्षेपर्यंत बाकीचं सगळं ओळीने करू.”

फादरांनी मावशीकडे पाहिलं. अखेर ती खुर्चीत बसली होती आणि आरोपीसारखी मान खाली घातली होती. दुसऱ्या कुणी येऊन हे निस्तरलं, तर ही बाई तो सल उराशी घेऊन मरणार, हे त्यांना लख्ख दिसलं.

“साहेब, एक मागणं आहे. हे मावशीच्या हातून व्हावं. आज.”

पलीकडून बिशपांनी विचारलं, “नियमात बसतं?”

“तुम्ही सोपवलंत तर बसतं.”

“सोपवलं. साक्षीदार मात्र घे.”

मावशीने हे ऐकलं आणि उठून दाराकडेच निघाली. “नाही. माझी जीभ... पुन्हा ग... गोंधळ होईल.”

“अडली तर अडू दे,” फादर म्हणाले. “त्या दिवशी मूल चाललं होतं, म्हणून घाई होती. आज मूल ठणठणीत आहे. शंभर किलोचं आहे. तुला हवा तेवढा वेळ घे.”

साक्षीला घंटावाला आला आणि स्वयंपाकीणबाई हात पुसत आल्या. फादरांनी गळ्याची पांढरी पट्टी काढून खिशात ठेवली, चर्चमधल्या स्नानकुंडापाशी गुडघे टेकले आणि मान पुढे केली. मावशीने जग उचलला. दुसऱ्या हाताने तिने त्यांचं डोकं किंचित कलतं केलं, पाणी कानात जाऊ नये म्हणून. तो हात पक्का मुरलेल्या सुइणीचा होता.

आधी तिने त्यांचं नाव घेतलं. मागेपुढे काही न लावता, नुसतं नाव. आई गेल्यापासून ते तसं कुणी घेतलं नव्हतं.

“मी तुला प्... प्... पिता,” आणि पाण्याची धार पडली. बराच वेळ गेला. “पु... पुत्र,” दुसरी धार. पाणी कॉलरमधून पाठीवर उतरलं.

“आणि प्...”

इथे गाडी रुतली. जग हवेत कलता, ओठ मिटलेले, कपाळावरची शीर टरारलेली. घंटावाल्याचे ओठ आपोआप हलू लागले, तसं स्वयंपाकीणबाईंनी त्याला कोपर मारलं. फादरांच्या तर जिभेच्या टोकावर तो शब्द होता. आयुष्यभर त्यांनी लोकांची वाक्यं पुरी करून दिली होती, आणि हे वाक्य तर त्यांनी हजारदा म्हटलेलं. पण त्यांनी तो शब्द उच्चारला असता, तर पुन्हा दोघांत वाटणी झाली असती. त्यांनी दात आवळले. गुडघे दुखायला लागले. कधी नव्हे ते पूर्णपणे दुसऱ्याच्या जिभेवर विसंबून ते तिथे टेकून राहिले, आणि त्यांच्या लक्षात आलं, की आपल्याला भीती वाटत नाहीये. ती म्हणेल. आज नाहीतर उद्या सकाळी, पण म्हणेल.

“...पवित्र आत्मा,” मावशी म्हणाली, आणि उरलेला सगळा जग तिने रिकामा केला, “यांच्या नावाने स्नानसंस्कार देते.”

ती खाली बसली आणि मोकळेपणाने रडली. फादरही रडले, पण ते चिंब भिजले होते, त्यामुळे कुणाला कळलं नाही.

“फादर, टॉवेल,” घंटावाला म्हणाला आणि चपापला. “म्हणजे... काय म्हणू?”

“फादर मंगळवारपासून. दोन दिवस नावाने हाक मार.”

“ते नाही जमायचं,” घंटावाला म्हणाला.

डोकं पुसून ते ऑफिसात गेले आणि कपाटातून नोंदवही काढली. तारीख लिहिली, आपलं नाव लिहिलं, साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. ‘संस्कार देणारी व्यक्ती’ या रकान्यात मावशीचं पूर्ण नाव लिहिलं आणि पुढे ‘सुईण’. शब्द कुणी म्हटले, असा रकाना त्या वहीत नव्हता. कायदेफादरांनी फूटपट्टी घेतली, समासात एक जादा रकाना आखला, आणि त्यातही तिचंच नाव लिहिलं.