बोअरिंगचं भरीत

मी कलाबाईची बडगी बोलतेय. भाजलेली वांगी घालून मुसळीने ठेचतात ना, तीच लाकडी बडगी. चोपड्याच्या सुताराने मला अखंड ओंडक्यातून कोरलं आणि कलाबाईच्या लग्नात मी तिच्याबरोबर धुळ्याला, देवपुरात आले.

आमच्या गल्लीत सगळं होतं, फक्त पाणी नव्हतं. पाठीत वाकलेली कलाबाई पार पलीकडच्या वस्तीतून हंडे आणायची. पाहुण्याला अर्धाच पेला द्यायची आणि मान खाली घालायची. मला ते बघवायचं नाही.

सत्त्याऐंशी साली गल्लीच्या मंडळाने बोअरिंग करायचं ठरवलं. वर्गणी म्हटलं की लोक दार लावून घेत. म्हणून चिटणीस पितांबरभाऊंनी युक्ती काढली : रविवारी भरीत-पुरी, कुपन घ्या आणि जेवायला या. सोमवारी बोअरची गाडी येणार होती. आगाऊ रक्कम हातात पडली नाही, तर ती दुसऱ्या गावाला जाणार आणि कलाबाईचा आणखी एक उन्हाळा हंडे वाहण्यात जाणार.

रविवारी सकाळी कापसाच्या काड्यांवर पोतंभर वांगी भाजून झाली, आणि कलाबाईने कपाळावर हात मारला.

"पितांबरभाऊ, चंपाषष्ठी आजून बाकी शे! बठ्ठा लोक वांगं कसं खातीन?"

चातुर्मासात सोडलेलं वांगं, कांदा, लसूण चंपाषष्ठीलाच तोंडात घालायचं, हा घरोघरचा नेम. धांदलीत सगळ्यांनी सुटी बघितली, तिथी कुणीच नाही. भाऊंचं तोंड भाजल्या वांग्यासारखं झालं.

तेवढ्यात शेजारच्या सज्जनबाई पुढे आल्या. "भाऊ, आम्ही जैन. वांगं बारा महिने खात नाही. पण पाणी पितो ना? पाच कुपनं माझी. भरीत कॉलेजच्या होस्टेलात नेऊन विका, तिथली पोरं कुठला नेम पाळतात!"

मग जे मी पाहिलं, त्याने आजही माझं लाकूड शहारतं. न खाणाऱ्यांनी कुपनं घेतली. न खाणाऱ्या बायकांनी माझ्यात मिरच्या, लसूण, वांगी दणादण ठेचली. सज्जनबाई पुऱ्या तळायला बसल्या. मीठ बघायला एकटे सुकदेव मास्तर, त्यांच्या घरी असा नेम नव्हता. चाखून चाखून बिचाऱ्यांना दुपारचं जेवण गेलं नाही! सायकलींवरून डबे भरून गेले, रिकामे परत आले. वासाने सगळ्यांच्या तोंडाला पाणी सुटलं होतं, पण कुणी बोटसुद्धा चाटलं नाही. केवढी ही माणसं! मी नुसती बघत राहिले.

सोमवारी गाडी आली. आधी धुरळा उडाला, मग चिखल, आणि एकदम पाणी उसळलं. कलाबाई धावत जाऊन पेला घेऊन आली. पाणी निवळल्यावर तिने रस्त्याने चाललेल्या एका अनोळखी माणसाला थांबवलं आणि पेला काठोकाठ भरला.

"प्या भाऊ," ती म्हणाली. "आजून ल्या."

आता घरोघरी मिक्सर आहेत. मला उभी चीर गेलीय, माळ्यावर पडून असते. टाकायचंच झालं, तर मला भरताच्या जाळात घाला, माझी तक्रार नाही. फक्त त्या दिवशी गल्लीतलं एकही घर बोलवायचं राहू देऊ नका. मग ते खाणारं असो, नसो.