पाचवी दोरी

बंदरात दोन जहाजं.

गाइडच्या काठीवर चौदा नंबरची पाटी.

खिशात काळा टाय, चुरगळलेला.

ह्यूईची दोरी, पाचवी.

फर्करचा घसा सकाळपासूनच बसला होता. स्कॉटलंडमधल्या इन्व्हरगॉर्डन बंदराला जहाज लागलं की प्रवाशांना व्हिस्कीची भट्टी दाखवायची, मग जुनं गाव. हे करून करून आता नुसतं तोंड बोलायचं, तो त्यात नसायचा. आज दोन वाजता त्याच गावात त्याच्या मित्राला, ह्यूईला, पुरायचं होतं. शवपेटी खाली सोडायला आठ दोऱ्या असतात. कोणती कोणी धरायची ते घरचे ठरवतात. ह्यूईच्या बायकोनं, इशबेलनं, पाचवी त्याला दिली होती. ती मोकळी राहिली असती तर गावात तोंड दाखवायची सोय नव्हती. आणि दोन जहाजांच्या दिवशी बदली गाइड कुठून मिळणार?

भट्टीच्या दुकानात एक बाई अजून दोन बाटल्या धरून उभ्या होत्या.

“ह्यातली जास्त धुरकट कोणती हो?”

“दोन्ही. दोन्ही घ्या, पण बसमध्ये बसा.”

ड्रायव्हर वॉटीनं बस दामटली. “ह्यूई असता तर आज पैज लावली असती त्यानं.”

“माझ्यावर?”

“तू पोचत नाहीस म्हणून.”

चौकात उतरल्यावर फर्कर प्रवाशांना म्हणाला, “तीनपर्यंत मोकळे आहात. हवं तिकडे जा.” घोगऱ्या आवाजातलं ते किती जणांना ऐकू गेलं कोण जाणे. एका हातानं टाय बांधायचा प्रयत्न करत तो चढ चढला. गुडघे कुरकुरत होते. दफनभूमीच्या फाटकात शिरला तेव्हा पाद्री थांबलेलेच होते आणि सगळे त्याच्या मागे बघत होते.

त्यानं वळून पाहिलं. दुसऱ्या हातातली काठी सवयीनं उंचच राहिली होती, आणि पाटीमागून अख्खी बस चालत आली होती.

“अरे देवा.”

“एवढं लटांबर?” इशबेल म्हणाली. “ह्यूई लाजून मेला असता.”

“मेलाच आहे की.”

“म्हणून वाचलास. ठेव ती काठी, दोरी धर.”

काठी त्यानं बाटल्यावाल्या बाईंकडे दिली. कुणीतरी फोन वर केला. बाईंनी त्याच्या हातावर चापट मारली. दोरी तळव्यातून हळूहळू सरकत गेली. पेटी जड होती, आणि आज पहिल्यांदाच त्याला कुणी काही विचारत नव्हतं.

शाळा संपल्यावर ह्यूई आणि फर्कर एकाच सोमवारी भट्टीत कामाला लागले होते. फर्करनं त्याच गुरुवारी काम सोडलं, ह्यूई शेवटपर्यंत तिथेच राहिला.