आपसातला माइक

मार्च महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, दुपारी, एका चित्रसंकलन केंद्राच्या तिसऱ्या मजल्यावरील बिनखिडकीच्या खोलीत पुढील प्रसंग घडला. खोलीत तीन माणसे होती: एका रॉक बँडच्या कार्यक्रमाच्या चित्रफितीचे संकलन करणाऱ्या बाई, त्या बँडचा गायक आणि गिटारवादक, म्हणजे सगळ्यांचा दादा, आणि दादाच्या धाकट्या भावाची बायको. धाकटा त्याच बँडमध्ये बेस गिटार वाजवत असे. आता वाजवत नाही. ज्या संध्याकाळी हे चित्रीकरण झाले, त्याच संध्याकाळी त्याला पक्षाघाताचा झटका आला. उजवे अंग लुळे पडले, वाचा गेली. कार्यक्रम संपल्यावर कपडे बदलण्याच्या खोलीत तो कोसळला, असे दादाने इस्पितळात सांगितले होते आणि घरातही तोच समज होता. डॉक्टर एवढेच म्हणाले होते, की या दुखण्यात जितका उशीर, तितके नुकसान.

बँड चाळीस वर्षांचा होता. इतकी वर्षे एकत्र राहिलेल्या माणसांच्या प्रेमाचे गोडवे गायले जातात. वस्तुतः निव्वळ सवयीनेही माणसे एकत्र राहतात. परंतु या भावांच्या बाबतीत शंकेखोरानेही गप्प बसावे, असा पुरावा उपलब्ध होता. मध्यंतराच्या जरा आधी, ऐन गाण्यात, दादा आपली गिटार पाठीवर टाकून रंगमंचाच्या दुसऱ्या टोकाला गेला आणि त्याने धाकट्याला घट्ट मिठी मारली. अख्खे सभागृह उठून उभे राहिले. त्या मिठीचे छायाचित्र घरोघरी पोचले होते. आता तेच भित्तिपत्रकावर यायचे होते.

"मिठीला कात्री लावलीत, तर गाठ माझ्याशी आहे, बाई," दादा म्हणाला. "चाळीस वर्षांत आमचं एकदाही भांडण नाही. भांडणार कसं? ह्यानं कधी तोंडच उघडलं नाही!"

"तुम्ही उघडू दिलंत तर ना, भाऊजी," धाकट्याची बायको म्हणाली. दादा सर्वांत मोठ्याने हसला.

मग ती संकलक बाईंकडे वळली. "माझं एक काम होतं. ह्यांचा आवाज मिळेल का हो? वाजवण्याचा नाही, बोलण्याचा. फोन समोर धरला की हे मुके व्हायचे. घरात फोटोंचा ढीग आहे, पण बोललेला एक शब्द नाही. 'चहा टाक' म्हणाले असतील, तरी चालेल."

बाईंनी क्षणभर विचार केला. "आपसातल्या माइकवर असेल," त्या म्हणाल्या.

प्रत्येक वादकाच्या पुढ्यात असा एक लहानसा माइक असतो. खालचा खटका पायाने दाबला, की तो सुरू होतो आणि त्यावर बोललेले फक्त ध्वनियंत्रणा सांभाळणाऱ्या माणसाला व इतर वादकांना कानात ऐकू येते, प्रेक्षकांना नाही. एरवी ते बोलणे हवेत विरून जाते. त्या दिवशी मात्र चित्रीकरण असल्यामुळे प्रत्येक माइक स्वतंत्रपणे ध्वनिमुद्रित झाला होता.

"त्यात काय असणार?" दादा म्हणाला. "आवाज वाढव, आवाज कमी कर. उगाच बाईंचा वेळ कशाला?"

तो काही लपवू पाहत होता, असे म्हणणे अन्यायाचे होईल. तो खटका त्याने आयुष्यात इतक्या वेळा दाबला होता, की भिंतीवरच्या दिव्याच्या बटणासारखाच तो त्याच्या खिजगणतीतही राहिला नव्हता.

पडद्यावर धाकट्याच्या माइकच्या आवाजाची एक सपाट रेघ उमटली. तिच्यावर मोजकेच उंचवटे होते. बाईंनी पहिला लावला. "दिवा डोळ्यांत येतोय रे," धाकट्याचा आवाज म्हणाला, "मी काय चोर आहे?"

धाकट्याची बायको हसता हसता रडू लागली. "पुन्हा लावा," ती म्हणाली. बाईंनी पुन्हा लावला. नंतर त्यांनी पुढच्या उंचवट्यावर बोट ठेवले. "हा बरोबर मिठीतला आहे, ताई. चित्रासकट लावते."

पडद्यावर मिठी आली. वाद्यांचा कल्लोळ दूरच्या खोलीतून यावा तसा क्षीण होता. त्यावर, ध्वनियंत्रणेवरच्या माणसाला उद्देशून, दादाचा आवाज अगदी जवळून आला.

"बेस बंद कर. पूर्ण बंद. त्याचं तालमीतलं रेकॉर्डिंग लाव."

लगेच धाकट्याचा, जिभेखाली अडकलेला: "दादा, हात गेला. थांबव."

"मध्यंतरापर्यंत. टेकून राहा."

"दादा, थांबव ना."

"हस. लोक बघतायत."

भावाला तोलून धरताना दादाचा पाय भावाच्या माइकच्या खटक्यावरच राहिला होता. पडद्यावर धाकट्याचा उजवा हात तारांवरून गळून खाली लोंबत होता आणि ओठांची एकच बाजू हसत होती. लोकांना तो त्याचा लाजाळूपणा वाटला होता.

बाईंनी चित्र थांबवले. आपला हात अजून कळफलकावर आहे, हेही त्यांच्या ध्यानात नव्हते. धाकट्याच्या बायकोच्या चेहऱ्यावरचे रडे जागच्या जागी थिजले.

"मी पहिल्या रांगेत होते," ती म्हणाली. "उभी राहून टाळ्या वाजवत होते."

"मला वाटलं, दमलाय," दादा म्हणाला.

"आणि मध्यंतरात?"

"मध्यंतरात बरा वाटला. पाणी प्याला."

"स्वतःच्या हातानं?"

 मध्यंतरानंतरचा संपूर्ण भाग धाकटा मांडीवर गिटार घेऊन स्टुलावर बसून होता, हे तिघांनाही ठाऊक होते. या वयातही बसून का होईना वाजवतो, म्हणून त्याचेही कौतुकच झाले होते.

"एवढी माणसं, एवढे कॅमेरे," अखेर दादा म्हणाला. "असा दिवस पुन्हा आला नसता. अगं, त्यालाही हेच हवं असणार. माझ्याइतकं त्याला कोण ओळखतं?"

तिने पदराने तोंड पुसले आणि ती उठून उभी राहिली.

"त्यांना काय हवं होतं, ते त्यांनी दोनदा सांगितलं, भाऊजी. तुम्ही ऐकलंत आणि नाही म्हणालात."