पोटात राहिलेले दोन दाणे

"लीला, तळाला कागद घातल्याशिवाय डबा भरू नकोस गं." नागपूरच्या स्वयंपाकघरातला तो सासूबाईंचा आवाज अजून माझ्या पितळेत घुमतो. मित्रांनो, त्यांनी सुनेला दिलेला जुना डबा तो मी. आणि त्या कागदापायीच एक दिवस माझी मान खाली गेली.

डॉक्टर लीलावती नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात नोकरीला आल्या, तेव्हा त्यांच्या बॅगेत बसून मीही आलो. माझ्यातले बेसनाचे लाडू वॉर्डातल्या नर्सेस नावाजून खायच्या. पुढे हलके प्लॅस्टिकचे डबे आले, आम्ही लंडनला, पिनर भागात त्यांच्या मुलाकडे आलो, आणि गॅरेजमध्ये माझ्यावर धूळ बसली.

यंदा लीलाआजींनी मला चिंचेने लख्ख घासलं, सवयीने तळाला कागद घातला आणि मतपेटी म्हणून नात ईराच्या हाती दिलं. रविवारच्या मराठी शाळेत ऋजुतामावशी मुलांकडून जुन्या अमेरिकेतली गव्हर्नरची निवडणूक करून घेणार होत्या. तिथे म्हणे काही ठिकाणी मक्याच्या नि घेवड्याच्या दाण्यांनी मतं देत. म्हणून ईराला मत म्हणजे मक्याचा दाणा, तिची मैत्रीण देविका हिला मत म्हणजे राजमा. जिंकेल तिने वार्षिक कार्यक्रमात भाषण करायचं. देविकाचे आजोबा कार्यक्रमाच्या दुसऱ्याच दिवशी नागपूरला परतणार होते. त्यांना ऐकवायचं म्हणून तिने ते भाषण महिनाभर घोकलं होतं.

मुलं तेवीस, दाणे निघाले एकवीस. ईराला अकरा, देविकाला दहा. दोघांनी टाकलेच नसतील, म्हणत मावशींनी कागदाची तिकोनी टोपी ईराच्या डोक्यावर ठेवली. दोन राजमे माझ्या कागदाखाली घसरले होते, मित्रांनो. मला टोचत होते, पण मला कुठलं बोलता येतंय? मुलांनी विश्वासाने माझ्या पोटात मतं टाकली आणि मी ती गिळून बसलो.

घरी मला धुवायला घेताना ईराने कागद उचलला. दाणे पाहिले, मागे कुणी नाही ना ते पाहिलं, नि मुकाट कोटाच्या खिशात टाकले. आठवडाभर ती माझ्याकडे बघेना. जेवत का नाहीस, असं आजींनी विचारलं तर म्हणाली, पोट भरलंय. माझंही तसंच होतं.

एवढंच सांगतो, डबा रिकामा झाला असं वाटलं तरी तळाचा कागद एकदा उचलून बघत जा. आणि खाली काही सापडलं, तर ते झाकू नका.

कार्यक्रमाच्या दिवशी मी स्टेजवर, टेबलाच्या मधोमध. पहिल्या रांगेत देविकाचे आजोबा कानातलं मशीन नीट बसवत होते. पडद्याआड देविकाच ईराची टोपी सरळ करत होती.

"तू आता गव्हर्नर झाली," ती हसत म्हणाली, "मला होमवर्क माफ कर हां."

ईराचा हात कोटाच्या खिशात गेला. देविकाला घेऊन ती माझ्यापाशी आली. माझ्या झाकणावर टक्, टक्, असे दोनच आवाज झाले.

"हे तुझे आहेत," ती म्हणाली. "पेपरच्या खाली होते. मी बघितले होते, देविका, आणि बोलले नाही. तू जिंकलेली."