चार नंबरच्या ड्रममधली पट्टी

"हा ड्रम कुणी उघडला?"

काका ऑपरेशन थिएटरच्या दारात उभे होते. एका हातात चार नंबरचा रिकामा ड्रम, दुसऱ्या हातात बोटभर कागदाची पट्टी. प्रसूतिगृहातले सगळे कपडे, गॉज, हत्यारं वाफेवर निर्जंतुक करायचं मशीन सव्वीस वर्षं त्यांच्या ताब्यात होतं, म्हणून सगळे त्यांना वाफकाका म्हणत. प्रत्येक ड्रममध्ये, कपड्यांच्या अगदी मधोमध, ते एक पट्टी ठेवत. वाफ तिथवर पोचली की पट्टी काळी होते. त्यांच्या हातातली पट्टी पांढरीफटक होती.

"मी," मी म्हणाले.

"पट्टी बघितलीस?"

नव्हती बघितली. ड्रमच्या बाहेरच्या टेपवर काळ्या रेघा उमटलेल्या दिसल्या आणि मी झाकण काढलं. आत टेबलावर सात नंबरच्या खाटेवरची बाई होती, बाळाचे ठोके उतरत होते, डॉक्टरबाई माझ्या नावाने शंख करत होत्या. मला नोकरीला लागून जेमतेम चार महिने झाले होते. आणि खरं सांगायचं तर, काकांनी भरलेल्या ड्रमची पट्टी बघायची म्हणजे त्यांच्यावर संशय घेतल्यासारखंच वाटायचं.

"बाळ?"

"मुलगी. चांगली रडली."

"आणि आई?"

"वॉर्डात नेलं. तास झाला असेल."

काका स्टुलावर बसले. दोन मशीनपैकी एक आठ दिवस बंद होतं. सकाळी मीच फोनवर त्यांच्या मागे लागले होते, काका, दोन सिझर आहेत, दोन फेऱ्यांना वेळ नाही, काहीतरी करा. त्यांनी केलं. दोन ड्रमचा माल एका ड्रममध्ये गुडघा लावून दाबला. ज्या माणसाने आम्हा प्रत्येकीला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं की कपड्यांमधून पंजा आरपार गेला पाहिजे, गच्च भरलं की वाफ दारातूनच परत जाते, त्याच माणसाने.

"काका," मी हळूच म्हणाले, "टाकून द्या ना ती. आपल्या दोघांशिवाय कुणालाच माहीत नाही."

हे मी बोलले. आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

ते चिडले नाहीत. "माझी आई धाकटीच्या वेळी गेली," ते म्हणाले. "सहाव्या दिवशी. थंडी वाजून ताप यायचा. सगळे म्हणायचे, बाळंतिणीला येतोच. मी उशाशी बसून पाणी पाजत होतो, मलाही तसंच वाटलं." मग ते उठले. "चल. तू नुसती उभी राहा. बोलतो मी."

डॉक्टरबाईंनी पट्टी उजेडात धरून पाहिली. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी आधी केसपेपर ओढला आणि एकेका ओळीवर पेन टेकवत गेल्या.

"पाणी काल दुपारीच गेलेलं. घरच्यांनी वाट बघत बसून रात्र घालवली. म्हणजे वीस तास पिशवी उघडी. रक्त आठ. साखर वाढलेली. आधीच्या दवाखान्यात पाच वेळा आतून तपासलंय. एवढं सगळं घेऊन ती आली आणि आपण तिच्या पोटात हे गॉज वापरलं." त्यांनी पेन खाली ठेवलं. "कोणी भरला ड्रम?"

"मी भरला, मॅडम. दाबून भरला."

"आणि पट्टी न बघता..."

"भरण्यातच चूक होती," काका घाईने म्हणाले. डॉक्टरबाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि औषधं लिहायला घेतली. सुईतून द्यायची औषधं वाढवली, दर दोन तासांनी ताप आणि नाडी, टाक्यांवर नजर. त्या औषधांची पहिली सुई मीच दिली.

बाहेर बाकावर त्या बाईची आई बसली होती. डॉक्टरबाईंनी तिला सांगितलं, पण काकांना तेवढ्याने चैन पडेना. ते तिच्यापुढे जाऊन उभे राहिले.

"तो ड्रम मी भरला होता."

म्हातारीने त्यांना खालून वर न्याहाळलं. "माझ्या लेकीला काही झालं तर मी तुम्हाला सोडणार नाही."

"नका सोडू," काका म्हणाले.

दोन दिवस काही झालं नाही. काका काम संपलं की वॉर्डाच्या दाराशी यायचे. आत पाऊल टाकायचे नाहीत, मी बाहेर आले की फक्त भुवया उंचवायचे. मी आकडा सांगायची. अठ्ठ्याण्णव. नव्याण्णव. पुन्हा अठ्ठ्याण्णव.

तिसऱ्या दिवशी सकाळी पारा एकशे एकवर गेला. बाई कुडकुडत होती आणि बाळाला माझ्याकडून घ्या, माझ्याकडून घ्या, म्हणत होती. डॉक्टरबाई पाच मिनिटांत आल्या. दोन टाके उघडले, आतून पू आला. औषध बदललं, रक्त चढवलं, जखम दिवसातून दोनदा धुतली. मी दिवसभर खाटेपासून हलले नाही. दाराशी काका होते. त्या दिवशी त्यांनी भुवया उंचावल्या नाहीत, माझ्या तोंडाकडे बघूनच ते समजले आणि भिंतीला टेकले.

पाचव्या दिवशी ताप उतरला. आठव्या दिवशी बाई स्वतः उठून बसली आणि मुलीला पाजलं.

"पट्टीचं ठाऊक नसतं तर दूध भरलं म्हणून ताप आला, असं समजून मी एक दिवस घालवला असता," डॉक्टरबाई काकांना म्हणाल्या. "तो एक दिवस तिला परवडला नसता. आता हे पाण्यामुळे झालं की तुमच्यामुळे, ते मात्र कधीच कळणार नाही."

काकांनी मान हलवली. खाली जाऊन त्यांनी रजिस्टर उघडलं, ती पांढरी पट्टी चिकटवली आणि भरणाऱ्याच्या रकान्यात ठळक सही केली. शेजारचा उघडणाऱ्याचा रकाना तसाच सोडला.

"काका, तिथे माझी..."

"राहू दे. तुला अजून खूप ड्रम उघडायचेत."

पुढची तीन वर्षं, निवृत्त होईपर्यंत, नव्या मुली आल्या की ते पंज्याचा धडा द्यायचे आणि मग तेच पान उघडायचे. "हा ड्रम मी भरला," म्हणायचे. एखादी विचारायची, मग उघडला कुणी? ते पान उलटायचे. मी मागे गॉजच्या घड्या घालत उभी असायची.

काका वारले, त्याला आता दीड महिना झाला. ते निवृत्त झाल्यापासून धडा मीच देते. काल नव्या सहा जणी आल्या. या वेळी मी ते पानही उघडून त्यांच्यात फिरवलं. त्यांतली एक चष्मेवाली बराच वेळ बघत राहिली.

"सिस्टर, इथे उघडणाऱ्याची सहीच नाही."

मी तिच्या खिशातलं पेन मागून घेतलं, अकरा वर्षांपूर्वीच्या त्या रकान्यात सही केली आणि खाली कालची तारीख घातली. मग पेन तिला परत दिलं आणि पंजा कसा आरपार गेला पाहिजे ते दाखवायला ड्रमचं झाकण काढलं.