रेणूची पुटपुट

"भांडी घासते त पुटपुटते, गोठा झाडते त पुटपुटते, तांदूळ पाखडते त सुपापेक्षा हिचे ओठ जास्त हालते. आन मी दिसली का चूप! देवाचं नाव घेत असती, त मले पाहून चूप काहून झाली असती?"

कुंताबाईने हे विचारलं शेजारच्या रत्नमालाला, पण आवाज असा लावला की घरात चुलीपाशी बसलेल्या सुनेच्या, रेणूच्याही कानात पडावा. कुंपणापलीकडे रत्नमाला मिरच्या वाळत घालत होती.

"काय म्हनते पन, काकी?"

"पुटपुटते म्हंजे खरंच पुट पुट म्हनते वं! पुट ऑन, पुट ऑफ, पुट आऊट. काल दाराच्या मांगं उभी राहून आयकलं मी. कानात ते काळं बोंड, आन तोंडात हे."

रत्नमाला बचत गटाची अध्यक्ष. साकोलीच्या बैठकांना जाऊन जाऊन तिला चार इंग्रजी शब्द येत, आणि ते वापरायची संधी ती सहसा सोडत नसे.

"पुट म्हंजे ठेवनं," ती म्हणाली. "आन आऊट त तुमाले मालूमच हाये. बाहेर."

"बाहेर ठेवनं?"

"तसंच झालं ना."

"कोनाले?"

रत्नमाला पुन्हा मिरच्यांकडे वळली. तिच्या त्या वळण्यातच कुंताबाईला काय ते उत्तर मिळालं.

या घरात बाहेर ठेवण्यासारखं होतंच कोण? मुलगा परसराम वरठीच्या कारखान्यात. आठवडाभर तिकडेच खोली करून राहायचा, रविवारी यायचा. नवरा नत्थू जाऊन बरीच वर्षं झालेली. उरल्या सासू आणि सून, एक गाय आणि काही कोंबड्या. गाय दूध देत होती. कोंबड्या अंडी देत होत्या. आणि घर मागच्या उन्हाळ्यातच कुंताबाईने परसरामच्या नावावर करून दिलं होतं, एकुलतं एक पोर म्हणून. तेव्हा गावातल्या दोघी-तिघी म्हणाल्या होत्या, कुंते, घाई केलीस. तिने त्यांना असं काही सुनावलं होतं की पुढे महिनाभर त्या रस्ता बदलून जायच्या. आता त्याच बायका तिला बोडीवर धुणं धुताना, नळावर, स्वप्नात दिसू लागल्या.

ती सुनेवर नजर ठेवू लागली. कुंताबाई स्वतः शिकलेली म्हणाल तर जेमतेम तिसरी, पण इंग्रजीशी तिची अगदीच ओळख नव्हती असं नाही. मोटारपंपाच्या पेटीवर ऑन-ऑफ असतं. परसराम आधी रोज अप-डाऊन करायचा, मग थकला आणि खोली केली. आऊट तर गावातली पोट्टी दिवसभर ओरडतात. रेणू काही म्हणाली की कुंताबाई शेपटाकडचा शब्द तेवढा पकडायची. टर्न ऑफ, म्हणजे काहीतरी बंद. सिट डाऊन, म्हणजे कोणीतरी खाली. लुक आऊट, पुन्हा बाहेर. एक 'अवे' तेवढा तिला लागेना. म्हणून सगळ्यात जास्त संशय तिला त्या 'अवे'चाच आला.

"काय वं, कोनाशी बोलते?" तिने एकदा विचारून पाहिलं.

"कोणाशीच नाही, आई. गाणं ऐकून राहिली."

"गान्यात पुट पुट कोन म्हनते?"

रेणू हसली आणि पाण्याला गेली. हसली म्हणजे काहीतरी आहे, हे कुंताबाईने मनाशी पक्कं केलं.

मग तो गुरुवार आला. धानाला लोंब्या आल्या होत्या. पाखरं हाकलायला कुंताबाई बांधीवर गेली होती, पण गुडघा ठणकू लागला आणि ती दुपारीच परतली. दार ढकललेलं. आतून आवाज. कुंताबाईने चपला हातात घेतल्या.

मधल्या खोलीत आरशासमोर रेणू उभी होती. पदर कंबरेला खोचलेला, मान ताठ, एक हात लांब करून बोट थेट दाराकडे.

"सर, प्लीज…" मग काहीतरी घाईघाईत गिळलेलं, आणि मग खणखणीत, "गेट आऊट!"

तिने पदर सारखा केला, आवाज थोडा खाली आणला.

"मॅडम, प्लीज… गेट आऊट!"

या शब्दांचा अर्थ सांगायला कुंताबाईला रत्नमालाची गरज नव्हती. नत्थू होता तेव्हा दोघं एका हापिसात कसल्याशा कामाला गेले होते. टेबलामागच्या माणसाने मान वर न करता हेच दोन शब्द म्हटले होते. नत्थूने विचारलं होतं, काय म्हनते साहेब? ती म्हणाली होती, उद्या या म्हनते.

"कोनाले वं?" तिने चपला जमिनीवर आपटल्या. "कोनाले गेट आऊट म्हनून राहिली?"

रेणूच्या हातातून मोबाइल पडला. "आई! तुम्ही केव्हा…"

"मीच. अजून घरातच हाये मी. आन वरून प्लीज लावते! सासूले हाकलाचं तेबी साखर पेरून! हे घर मी शेणामातीनं उभं केलं, तू अजून पाळण्यात होती तवा!"

 रेणूला हसू फुटलं. तोंडावर हात दाबला तरी थांबेना.

"हास! हास वं! आता तुमचंच राज हाये."

"नाही हो, आई. डोंट गेट आऊट म्हणून राहिली होती मी. डोंट! म्हणजे गाडीतून उतरू नका."

"कोनच्या गाडीतून?"

मग सगळं बाहेर आलं. नागझिऱ्याच्या जंगलाच्या गेटवर बायांना गाईड म्हणून घेणार होते. उद्या परीक्षा. साहेब इंग्रजीत विचारणार. पर्यटक कुठून कुठून येतात, जिप्सीत बसतात, अस्वल दिसलं की फोटोसाठी खाली उतरायला बघतात. त्यांना थांबवायचं.

कुंताबाई उंबऱ्यावर बसली. गुडघा दाबत म्हणाली, "आन पुट आऊट?"

"बिडी-सिगरेट पेटवली कोणी, तर विझवा म्हणायचं. पुट आऊट."

"बाहेर ठेवनं नाही?"

"नाही ना. तिथंच तर डोकं फिरून राहिलं माझं. पुट म्हणजे ठेवणं. पण आऊट लागलं का विझवणं, ऑफ लागलं का पुढं ढकलणं, ऑन लागलं का आंगात घालणं. मागं शेपूट बदललं का सारं जनावरच बदलते. म्हणून दिवसभर घोकत राहते मी."

"आन ते अवे?"

"रन अवे. अस्वल समोर आलं तरी पळून जाऊ नका."

"तिथंबी डोंट?"

"तिथंबी डोंट."

कुंताबाईला हसू आलं नाही. हकीकत पटण्यासारखी होती, आणि तेवढ्यानेच तिचा संशय दुसरीकडे सरकला.

"परसरामले मालूम हाये?"

रेणूने मोबाइल उचलून पदराने पुसायला घेतला. बराच वेळ पुसला.

"म्हंजे पोराले मालूम, साहेबाले मालूम, अस्वलाले मालूम. मलेच नाही."

"तुम्ही नाही म्हटलं असतं, आई."

"म्हनलंच असतं! आज गेट, उद्या साकोली, परवा नागपूर. तो तिकडं, तू तिकडं. मंग मी काय या भिंतींसंग बोलू? मले कोनी गेट आऊट म्हनाची गरजच नाही. तुमी दोघं गेले का मी घरात राहूनबी बाहेरच."

हे तिला बोलायचं नव्हतं. बोलली आणि उठून गोठ्यात गेली. गाईला चारा घातलेला होता, तरी तिने पुन्हा घातला.

त्या संध्याकाळी घरात पुटपुट झाली नाही. रेणूने भात वाढला, दोघी समोरासमोर जेवल्या. कुंताबाईला ती शांतता आधीच्या पुटपुटीपेक्षा जास्त खुपू लागली. दोनदा तिने मान वर करून सुनेच्या ओठांकडे पाहिलं. ओठ बंद होते.

सकाळी पाराजवळ जीप येऊन उभी राहिली. पलीकडच्या गावातल्या दोघी त्यात बसलेल्या. रेणूने गोठा केला होता, पाणी भरलं होतं, सासूचा चहा झाकून ठेवला होता. दारात आली तर उंबऱ्यावर डबा. भात, लाखोळीची डाळ, वर मिरची. रात्रीचं काही नव्हतं, सगळं गरम होतं. कुंताबाई पाठ करून कोंबड्यांना कण्या टाकत होती.

रेणू वाकून पाया पडली.

"जाऊ, आई?"

"जा."

एवढंच. कोरडं. जीपचा हॉर्न वाजला. रेणूचे डोळे भरून आले. तिने डबा उचलला आणि परत खाली ठेवला.

"असं तोडून म्हणता, तर नाही जात मी. तुम्हाले रागात ठेवून मले तिथं एक शब्द सुचणार नाही."

कुंताबाईने हातातल्या उरलेल्या कण्या एकदम टाकून दिल्या. लुगड्याला हात पुसले. डबा उचलून सुनेच्या हातात दिला, आणि तिची बोटं त्यावर नीट दाबून बसवली.

"येवढं इंग्रजी घोकलं, आन घरचं बोलनं समजत नाही तुले? जा म्हनलं मी. निघून जा नाही म्हनलं."